आवंढा

मराठीत टॉन्सिल 'होतात'. 'धाकट्याला टॉन्सिल्स झालेत', 'हिला लहानपणापासून टॉन्सिल्स आहेत' ही वाक्ये घशाच्या डॉक्टरांच्या बाकावर रोज ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या घशातही तीच जोडी बसलेली असते, हे मात्र त्याच्या गावी नसते. टॉन्सिल हा आजार नव्हे, अवयव आहे. पडजिभेच्या दोन्ही अंगांना टाळूवरून दोन-दोन कमानी खाली उतरतात; त्यांच्या बेचक्यात लसिका-ऊतींचा एकेक गोळा असतो. तो गुळगुळीत नसतो. त्यावर खोल खाचा असतात आणि त्या खाचांत अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, जंतू अडकून राहतात. नाकामागचे ॲडेनॉइड, जिभेच्या मुळाशी असलेली तशीच ऊती आणि हे दोन गोळे मिळून घशाच्या तोंडाशी एक कडे तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश वाल्डायर यांचे नाव त्याला मिळाले आहे. बाहेरून येणाऱ्या जंतूंची शरीराशी पहिली ओळख या नाक्यावर होते. लहानपणी हे गोळे मोठे असतात, वयात येताना आक्रसत जातात. म्हणून 'गाठी वयाप्रमाणे जिरतील' असे डॉक्टर पालकांना सांगत आले आहेत, आणि बहुतेकदा ते खरे ठरते.

ज्यांच्या बाबतीत ते खरे ठरत नाही त्यांच्यापैकी एका अडतीस वर्षांच्या शिक्षकाचे उदाहरण इथे घेता येईल. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीचे टॉन्सिल काढले. त्याचे जिरणार म्हणून ठेवले. ऑपरेशननंतर आईस्क्रीम मिळते, ही बातमी तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मुलांना होती. बहिणीला कप मिळाला, वर चपटा लाकडी चमचा. तिने दोन चमचे तोंडात घातले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कप वितळत गेला. भावाने तो पलंगाच्या पलीकडे उभे राहून पिऊन टाकला. बहीण नखरे करते आहे, असे त्याचे ठाम मत होते, आणि पुढची एकोणतीस वर्षे ते बदलण्याचे काही कारण घडले नाही.

प्रौढ वयात टॉन्सिल काढण्याची कारणे मोजकी आहेत. पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग हे मुख्य. टॉन्सिलभोवती पू साचणे, झोपेत श्वास अडकण्याइतकी वाढ, आणि एकच बाजू मोठी झाल्यावर येणारी कर्करोगाची शंका ही त्यानंतरची. किती वेळा झाला म्हणजे 'पुन्हा पुन्हा', याचे एक माप अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांच्या 1984च्या अभ्यासातून आले: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरसाल तीन वेळा. अभ्यास मुलांवरचा होता. माप मोठ्यांनाही लावले जाते. शिक्षकाचा हिशेब मात्र या मापाहून सोपा होता. जूनमध्ये शाळा उघडली की पंधरवड्यात घसा धरायचा, गिळता येईनासे व्हायचे, ताप चढायचा, प्रतिजैविकाची पट्टी संपायची, आणि गणपतीच्या सुमारास हेच सगळे पुन्हा.

हे माप ठरेपर्यंतचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. सुश्रुतसंहितेत घशातल्या 'गिलायु' नावाच्या गाठीचे वर्णन आहे. ती आवळ्याच्या आठळीएवढी, न हलणारी असते, गिळताना घास अडकल्यासारखे वाटते आणि ती शस्त्रानेच बरी होते, असे ते सांगते. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने टॉन्सिल बोटाने भोवतालून सोडवून उपटावे, तेवढ्याने न निघाल्यास आकड्यात धरून कापावे, असे लिहून ठेवले, आणि जखम धुवायला व्हिनेगर सांगितले. व्हिनेगर! आपल्याकडे हळद-मीठ लावलेला अंगठा घशात घालून पडजीभ वर दाबणाऱ्या जाणत्या बायका त्या मानाने दयाळूच म्हणायच्या. 1828मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी गिलोटिनसारखे पाते सरकवून टॉन्सिल छाटण्याचे यंत्र पुढे आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर संधिवातापासून मनाच्या आजारापर्यंत सगळ्याचे मूळ दात आणि टॉन्सिल यांतल्या लपलेल्या जंतूंत शोधले जाऊ लागले, आणि मुलांचे टॉन्सिल सरसकट निघू लागले. 1934मध्ये न्यूयॉर्कमध्ये 1000 शाळकरी मुले तपासली, तेव्हा 611 जणांचे टॉन्सिल आधीच गेलेले होते. उरलेल्या 389 जणांपैकी 174 जणांना डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले. ज्यांना नको म्हटले होते ती 215 मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी 99 निवडली. उरलेली 116 तिसऱ्यांकडे गेली, त्यांनी 51. प्रत्येक वेळी जवळपास निम्मी. मुलांच्या घशापेक्षा डॉक्टरांच्या सवयीबद्दलच ही तपासणी जास्त सांगते. अखेर हाती लागली ती कोणीच हात न लावलेली 65 मुले. एका खोलीत दोन भावंडांना एकच आजार असताना एकाचे काढायचे आणि एकाचे ठेवायचे, हा निर्णयही त्याच परंपरेतला.

आजचे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते. मान मागे झुकवून, जीभ दाबून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्याने तोंड उघडे धरतात, टॉन्सिल खालच्या स्नायूपासून सोडवतात आणि रक्तवाहिन्या विजेच्या उष्णतेने किंवा दोरा बांधून बंद करतात. अर्धा-पाऊण तासाचे काम. मोठ्यांमध्ये ते थोडे अवघड जाते, कारण वर्षानुवर्षांच्या संसर्गाने टॉन्सिल स्नायूला चिकटून बसलेले असते. रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट यापुढची: जखमेला टाके घालत नाहीत. घशाच्या दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन उघड्या जखमा राहतात. त्यांच्यावर पट्टी बसत नाही, मलम टिकत नाही, आणि त्यांच्यावरूनच पुढचा पंधरवडा प्रत्येक घास, प्रत्येक गोळी आणि प्रत्येक आवंढा जायचा असतो. जागेपणी माणूस दिवसातून शेकडो वेळा आवंढा गिळतो. हे एरवी कोणी मोजत नाही.

पहिला दिवस फसवा असतो. भूल आणि सुईने दिलेली वेदनाशामके अजून अंगात असतात. शिक्षकाने संध्याकाळी चहाबरोबर बिस्किट बुडवून खाल्ले आणि भेटायला आलेल्यांना खुणेने 'काही नाही' असे सांगितले. 'किरकोळ ऑपरेशन' हा शब्द नातेवाइकांत असाच पसरतो. घरी जाताना मिळालेल्या कागदावर आहाराबद्दल दोन ओळी होत्या: मऊ व थंड आहार घेणे, सात दिवसांनी दाखवणे. मधल्या सात दिवसांचा त्यात उल्लेख नव्हता. त्या रुग्णालयाबद्दल त्याची तक्रार एवढीच, आणि ती अजून गेलेली नाही. हाड मोडले, आतडे शिवले, तर माणूस रोज थोडा बरा होत जातो. टॉन्सिलच्या जखमेत तिसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असतो आणि पाचवा बहुतेकदा तिसऱ्यापेक्षा. हे आधी माहीत असले तर माणूस निमूट सोसतो. माहीत नसले तर काहीतरी बिघडले म्हणून पहाटे चार वाजता टॉर्च घेऊन आरशासमोर उभा राहतो.

आरशात त्याला जे दिसते त्यानेही तो घाबरतो. जखमेवर पहिल्या दिवसभरातच पांढुरका, मग पिवळसर थर धरतो. तो पू नव्हे. तो रक्तातल्या फायब्रिनचा थर असतो, म्हणजे तोंडातल्या ओलाव्यात भिजलेली खपलीच. पडजीभ सुजून अंगठ्याएवढी होते आणि जिभेच्या मुळाशी लोळते, त्यामुळे सारखे काहीतरी गिळायचे राहिल्यासारखे वाटते. कानात ठणका लागतो. कानाला काहीही झालेले नसते. टॉन्सिलची जागा आणि मधला कान यांची संवेदना एकच नववी मस्तिष्क-चेता वाहून नेते आणि मेंदूला पत्ता चुकतो. जांभई हा स्वतंत्र विषय आहे. ती येते आहे हे कळते, थांबवता येत नाही, आणि माणूस दोन्ही हातांनी जबडा धरून ती अर्ध्यावर मोडू पाहतो.

चौथ्या दिवशी वास सुरू होतो. खपली कुजताना येणारा हा वास फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखा असतो, आणि तो सगळ्यात आधी ज्याचा त्यालाच येतो. शिक्षकाने तो ओळखला. बहिणीच्या पलंगाजवळ तो नाकाला रुमाल लावून उभा होता, तेव्हा हाच वास होता. त्याने तो रुग्णालयाच्या फिनेलचा समजला होता. आईस्क्रीम पितानाही तो रुमाल एका हातात होता, हे त्याला पहिल्यांदाच आठवले.

खाण्यापिण्याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही. आपल्याकडे मऊ आणि थंड सांगतात. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी भाजलेला पाव, कुरकुरीत पदार्थ मुद्दाम खायला सांगतात, कारण चावण्याने घशाचे स्नायू हलते राहतात. दोन्हीकडचा खरा आग्रह पाण्याचा असतो. न गिळल्याने घसा कोरडा पडतो, कोरडा घसा जास्त दुखतो, जास्त दुखतो म्हणून माणूस आणखी कमी गिळतो. हे चक्र वेळच्या वेळी घेतलेल्या पॅरासिटामॉलने आणि घोटाघोटाने प्यायलेल्या पाण्याने मोडते. गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नसते, घड्याळ लावून घ्यायची असते, रात्रीसुद्धा. ॲस्पिरिन मात्र रक्त पातळ करते म्हणून टाळतात. मराठी स्वयंपाकघरात या दिवसांना लागेल ते बहुतेक सगळे असते: तूप-मीठ घातलेली भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, साबुदाण्याची लापशी, शहाळ्याचे पाणी. आंबट काहीच चालत नाही. ताक, लिंबाचे सरबत, सोलकढी हे सगळे जखमेवर आग पेटवतात. पण सगळ्यात मोठा शत्रू ताटात नसतोच. शेजारच्या घरात सुक्या मिरचीची फोडणी पडते, ठसका लागतो, आणि त्या एका खोकल्यात दिवसभराची कमाई जाते. शिक्षकाच्या आईने आठ दिवस फोडणी बंद ठेवली. शेजारणीला सांगणे तिला अवघड गेले, तरी सांगितले.

आईस्क्रीमही आले. कोणीतरी आणणारच असते. थंडाव्याने दोन मिनिटे बरे वाटते, मग दुधाचा चिकट थर घशावर बसल्यासारखा वाटतो. तो खाकरून काढता येत नाही, आणि गिळावा तर पुन्हा तेच. त्याने दोन चमचे घेतले आणि कप बाजूला ठेवला. दोनच, हे त्याच्या लगेच लक्षात आले.

पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत खपल्या सुटू लागतात. हा काळ जपण्याचा. सुटताना थुंकीत रक्ताची रेघ दिसू शकते. ताजे लाल रक्त वाहू लागले, गुठळ्या पडल्या, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, कारण टॉन्सिलच्या जागेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लहान नाहीत. लहान मुलांपेक्षा मोठ्यांत असा रक्तस्राव जास्त होतो. म्हणूनच पंधरा दिवस प्रवास नको, वजन उचलणे नको, व्यायाम नको, आणि शक्य तर एकटे राहणे नको. शिक्षकाला सातव्या दिवशी रक्ताची एक रेघ दिसली. तो तासभर बेसिनपाशी बसून राहिला आणि ती थांबली. नवव्या रात्री तो चार तास सलग झोपला. अकराव्या दिवशी आवंढा गिळून झाल्यावर तो गिळला होता, हे त्याच्या लक्षात आले. म्हणजे गिळताना आले नव्हते.

प्रौढांचे काढलेले टॉन्सिल अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात, विशेषतः दोन्ही सारखे नसतील तर. फॉर्मेलिनच्या बाटल्यांवर उजवा आणि डावा असे लिहिलेले असते. अहवाल बाराव्या दिवशी आला: जुना संसर्ग, बाकी काही नाही. त्याने त्याचा फोटो बहिणीला पाठवला आणि खाली लिहिले की तुझे आईस्क्रीम मी प्यायलो होतो. तिचे उत्तर आले, 'माहीत आहे. दादा, मीच तुझ्याकडे सरकवलं होतं.'

दोन आठवड्यांत जखमेवर नवे अस्तर धरते आणि कमानींच्या बेचक्यात गुलाबी, गुळगुळीत खळगा उरतो. आवाज काही दिवस परका वाटतो, चव हळूहळू परतते, घटलेले दोन-चार किलो आपोआप भरून येतात. इतके सोसून मिळते काय, याचे एक मोजमाप ब्रिटनमध्ये 453 प्रौढांवर झालेल्या आणि 2023मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत आहे. दोन वर्षांत घसा दुखण्याच्या दिवसांचा मध्यक ऑपरेशन झालेल्यांत 23 निघाला, न झालेल्यांत 30. फरक आहे, पण आकडा शून्यावर आलेला नाही. वाल्डायरच्या कड्यातले बाकीचे मणी जागच्या जागी असतात, सर्दीचे विषाणूही असतात, आणि घसा अधूनमधून धरतोच. शिक्षकाचाही पुढच्या जूनमध्ये दोन दिवस धरला, तापाविना. आईने पेज टाकली आणि फोनवर मुलीला सांगितले, 'काही नाही गं, पावसाने त्याला पुन्हा टॉन्सिल्स झालेत.'