वडिलांचा फ्लॅश

साताऱ्यास आमच्या घरीं, ज्या खोलीच्या खिडकींतून अजिंक्यतारा दिसतो त्या खोलींत, पलंगाखालीं एक पत्र्याची ट्रंक आहे. आमचे वडील पेशानें प्राथमिक शिक्षक. छायाचित्रें काढणें हा त्यांचा एकुलता एक षोक. १९७९ सालीं त्यांनीं एक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकत घेतला, आणि पुढें वीस-बावीस वर्षें पेठेंतील लग्नें, नाताळचे कार्यक्रम, शाळेचे निरोपसमारंभ या सर्वांवर त्याचा उजेड पडला. आमचा पहिला फोटोही त्याच उजेडांत निघालेला. त्यांत आमचे डोळे घट्ट मिटलेले आहेत. वडील वारल्यावर ट्रंक उघडली, तेव्हां तो फ्लॅश रेक्झिनच्या पिशवींत जसाच्या तसा निघाला. पिशवीच्या आंतल्या बाजूस त्यांच्या अक्षरांत एक चिठी डकविलेली होती: ‘सेल काढून ठेवणें.’ सेल अर्थातच काढलेले होते, म्हणून आंत क्षार सांडला नव्हता कीं पट्ट्यांवर गंज चढला नव्हता. आम्हीं नवे चार सेल घातले व कळ सरकविली. बारीक शीळ सुरू झाली, चढत गेली, आणि पाठीवरील तांबडा दिवा लागला. ती शीळ आम्ही लहानपणापासून ओळखत होतों. ती ऐकून कांहीं वेळ तेथेंच बसून राहिलों.

नोकरीनिमित्त आमचें वास्तव्य सांगलीस. गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांनीं एक लहानसा प्रवेश बसविला होता. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं याच सांगलींत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, त्या दिवसाची ती आठवण. त्या काळीं विजेचे दिवे कोठचे, म्हणून दिग्दर्शक गुरुजींनीं हट्टानें रंगमंचावर समया व पलिते यांचाच आभास ठेवला होता. देखावा सुरेख झाला. पण छायाचित्रकारास अंधार.

तें काम एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं विनामूल्य पत्करलें होतें. २०१९ च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या महापुरांत यांचें दुकान सामानासकट बुडालें. कर्ज काढून त्यांनीं पुन्हां एक डिजिटल कॅमेरा घेतला, व त्या एका कॅमेऱ्यावर त्यांचें घर चालतें. हें आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक असूनही पुढील गोष्ट आमच्या हातून झाली.

ऐन प्रवेशाच्या आधीं त्यांचा फ्लॅश हातांतून निसटून फरशीवर पडला व बंद झाला. वडिलांचा फ्लॅश सर्वांस दाखवावा म्हणून आम्हीं तो त्या दिवशीं पिशवींतून आणलाच होता. तो आम्हीं मोठ्या दिमाखानें पुढें केला. शेजारीं नववींतील एक विद्यार्थिनी उभी होती. ती म्हणाली, “सर, याच्या पायाशीं किती व्होल्ट येतात तें मोजलं आहे का? आधीं मोजूं या ना.” आम्ही म्हणालों, “अग, हा तुझ्या जन्माच्या आधींपासून चालतो आहे.” हें काय उत्तर झालें! पण तेव्हां आम्हांस तें मोठें समर्पक वाटलें.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील ज्या खांचेंत फ्लॅश सरकवितात तिला हॉट शू म्हणतात. बूट डोक्यावर असण्याचें एवढेंच एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. त्या खांचेंत आम्हीं आपल्या हातानें फ्लॅश बसविला. पहिला फोटो लख्ख आला. दुसराही आला. तिसऱ्या वेळीं कळ दाबली तों फ्लॅश गप्प. खांच निकामी झाली होती. मग तेथें कोणताही फ्लॅश लावा, लागेना. गृहस्थ आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. “सर, वस्तु जुनी, कॅमेरा नवा, त्यांची ओळख नव्हती,” एवढेंच म्हणाले. दुरुस्तीचा खर्च आम्हीं दिला. परंतु कॅमेरा तीन आठवडे पुण्यास होता, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांचीं दोन लग्नें गेलीं. तीं आम्ही कोठून भरून देणार?

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं त्या मुलीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली व पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील डिजिटल मल्टिमीटर तिच्या हातीं दिला. तिनें तो एकदिक् विद्युद्दाबाच्या ६०० व्होल्टांच्या मर्यादेवर ठेविला; फ्लॅश सुरू करून तांबडा दिवा लागेपर्यंत थांबली; मग तांबडें टोंक फ्लॅशच्या पायाच्या मधल्या बिंदूस व काळें टोंक बाजूच्या धातूच्या कडेस लाविलें. बोट कोठेंही लागूं दिलें नाहीं. आंकडा हळूहळू चढत २१८ वर थांबला. वर्ग एकदम शांत झाला. कांट्याच्या जुन्या मीटरनें मोजलें असतें तर तो मीटर स्वतःच पुष्कळशी वीज ओढतो व दाब आहे त्याहून कमी दाखवितो, हेंही तिला ठाऊक होतें.

आतां हे २१८ व्होल्ट आले कोठून? चार सेलांचा एकत्र दाब अवघा ६ व्होल्ट. एवढ्यानें झेनॉन वायूची नळी उजळत नाहीं. म्हणून आंतील मंडल तो दाब ३०० व्होल्टांच्या आसपास चढवितें (ती शीळ या चढणीचीच) आणि वीज कॅपॅसिटरमध्यें सांठवितें. शटर उघडतांच कॅमेऱ्यानें दोन टोंकें जोडावयाचीं, एवढेंच त्याचें काम. तीं जुळलीं कीं एका लहानशा कॉइलमधून हजारों व्होल्टांचा झटका नळीस बसतो, वायूंतून वाट मोकळी होते, व सर्व सांठा सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास प्रकाश होऊन जातो. जुन्या कॅमेऱ्यांत हीं दोन टोंकें म्हणजे खरोखरच धातूचे तुकडे असत; त्यांस २०० व्होल्ट काय आणि २५० काय. नव्या कॅमेऱ्यांत त्यांच्या जागीं अर्धसंवाहकाचा इवलासा स्विच आला. तो चपळ खरा, पण नाजूक. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत यासाठीं २४ व्होल्टांची मर्यादा घातलेली आहे. कॅननच्या आरंभींच्या कित्येक डिजिटल कॅमेऱ्यांस ६ व्होल्टांपलीकडे जाऊं नये असें सांगत. उलट निकॉनच्या पुस्तिकांत २५० व्होल्टांचा आंकडा आढळतो, व त्याचबरोबर उलट्या ध्रुवाचा दाब लावूं नये अशी ताकीदही असते. तेव्हां दोन आंकडे पाहिजेत: फ्लॅशचा मोजलेला आणि कॅमेऱ्याच्या पुस्तिकेंतला. एकावर भागत नाहीं.

नांवावरही भागत नाहीं. व्हिव्हिटर २८३ हा एके काळीं जगभर खपलेला फ्लॅश; त्याचे जुने नग दोनशेंहून अधिक व्होल्ट देतात, आणि त्याच नांवाचे, त्याच रूपाचे पुढचे नग दहांच्या आंत. शिवाय एका कंपनीच्या फ्लॅशच्या पायास मधल्या बिंदूखेरीज आणखी बिंदु असले, तर ते दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर भलत्याच ठिकाणीं टेकतात. तेंही पाहून घ्यावें.

येथें एका मुलानें पेंचकस काढून फ्लॅश उघडून पाहण्याची सूचना केली. पालकांनीं हें वाक्य कृपा करून दोनदां वाचावें: फ्लॅश बंद केला, सेल काढले, तरी कॅपॅसिटरमधील वीज बराच काळ तशीच राहते, आणि ती जीव घेऊं शकते. आम्हीं पेंचकस काढून घेतला. प्रकाशाचा हा खेळ पूर्वीं याहून घातक होता. १८८७ सालीं जर्मनींत मीथे व गेडिके यांनीं मॅग्नेशियमची भुकटी इतर द्रव्यांत मिसळून चमक काढण्याची युक्ति शोधिली. त्या भुकटीनें पुढें कित्येक छायाचित्रकारांचे हात भाजले. मानानें आमचा फ्लॅश गरीबच म्हणावयाचा.

मग त्याचें केलें काय? टाकून देण्याचा विचार आमच्या मनांत आला होता. त्या मुलीनेंच तो मोडून काढला. तिचें म्हणणें, कॅमेऱ्यावर नको, कॅमेऱ्यापासून दूर ठेवूं. प्रकाश पाहतांच फ्लॅश पेटविणारा डोळा बाजारांत मिळतो, त्यास स्लेव्ह म्हणतात. जुन्या फ्लॅशचा दाब त्यास सोसतो कीं नाहीं हें विचारून आम्हीं एक घेतला. रेडिओचे रिसीव्हरही मिळतात. त्यांचीही मर्यादा निराळी असते. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा लागतो, नाहींतर तो मोजमापासाठीं आधींच एक बारीक चमक सोडतो व आमचे म्हातारबुवा फसून वेळेपूर्वींच पेटून मोकळे होतात. शटर सेकंदाच्या १/१२५ वर. छिद्राचा हिशेब वडिलांच्याच पद्धतीचा: फ्लॅशचा गाइड नंबर २८, अंतर ५ मीटर, भागाकार ५.६. हा भागाकार आतां नववीच्या वर्गांत सर्वांस तोंडपाठ आहे. इतर भागाकारांविषयीं तसें म्हणवत नाहीं.

दर महिन्यास एकदां ती मुलगी फ्लॅश सुरू करून पंधरा मिनिटें तसाच ठेविते व पांच-सहा वेळां पूर्ण जोरानें पेटविते. पडून राहिलेल्या कॅपॅसिटरची आंतली पापडी त्यानें पुन्हां बळावते. वडीलही असेंच करीत असत. कां, तें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

यंदाच्या संमेलनांत फ्लॅश रंगमंचाच्या विंगेंत तिपाईवर उभा होता, आणि कॅमेरा त्याच गृहस्थांचा. प्रकाश बाजूनें पडल्यामुळें मुलांचे चेहरे उठावदार आले. कार्यक्रम संपल्यावर ते विंगेंत आले, फ्लॅश हातांत घेऊन उलटसुलट पाहिला, व पुढच्या रविवारीं मिरजेच्या एका लग्नासाठीं मिळेल का असें विचारूं लागले. आम्हीं सेल काढून फ्लॅश पिशवींत घातला व पिशवी त्यांच्या हातीं दिली. आंत वडिलांच्या चिठीखालीं आतां दुसरी एक चिठी आहे, मुलीच्या गोल अक्षरांतली: ‘२१८ व्होल्ट. कॅमेऱ्यावर बसवूं नये.’ त्यांनीं दोन्ही वाचल्या आणि पिशवीचा बंद लावला.