ईईजी नॉर्मल आला, म्हणजे नक्की काय?

मागच्या आठवड्यात श्रीवर्धनकडच्या एका ओळखीच्या काकांचा फोन आला. मुलीला दोनदा फिट आलेली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मेंदूचा ईईजी काढायला सांगितला. तो नॉर्मल आला. काका म्हणाले, "आता गोळ्या बंद करतो, आणि बघायला येणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही. रिपोर्टच आहे हातात."

मी काही डॉक्टर नाही. पण हा गैरसमज एकट्या काकांचा नाही, म्हणून लिहितोय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मेंदूच्या पेशींचं काम विजेवर चालतं. ही वीज इतकी बारीक, की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते. डोक्यावर पेस्ट लावून वीसेक वायरी चिकटवतात आणि साधारण अर्धा तास त्या लहरी नोंदवतात. 1924 मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. यात आत करंट सोडत नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'शॉक देतात' म्हणून तपासणीच टाळलेली घरं मी पाहिलीत.

आता अर्धा तास जेटीवर उभं राहून एकही होडी दिसली नाही, म्हणून गावात होड्या नाहीत असं कोणी म्हणेल का? ईईजीचं तसंच आहे. फिटचा आजार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. उलटंही होतं. आयुष्यात कधी फिट न आलेल्या काही थोड्या लोकांच्या लहरी वेड्यावाकड्या दिसतात. म्हणून डॉक्टर आधी विचारतात की नेमकं काय झालं, किती वेळ चाललं, डोळे कुठे वळले, नंतर शुद्ध कधी आली. त्यामुळे घरात कोणाला फिट आली तर एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. बाकीच्यांनी माणसाला कुशीवर वळवावं. चप्पल, कांदा हुंगवू नये, दातांत चमचा तर अजिबात घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

तपासणीला जाताना केस धुऊन, तेल न लावता जायचं. आपल्याकडे आजीला हे पटवणं हेच मोठं काम! बऱ्याचदा आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात, कारण जागरणानंतर आणि झोप लागताना बिघाड दिसण्याची शक्यता वाढते. पहाटेची एसटी पकडून पनवेल-मुंबई गाठणाऱ्यांचं जागरण आपोआप होतं म्हणा. पण तपासणी आहे म्हणून गोळी मनाने चुकवायची नाही.

गोळी अचानक थांबवणं हेच सगळ्यात धोक्याचं. त्याने मोठी, न थांबणारी फिट येऊ शकते. त्यात आपला किनारा. होडीवर जाळं ओढताना, विहिरीच्या काठावर, बाईकवर असताना आली तर? काकांना मी एवढंच म्हटलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका.

डोक्याच्या माराचंही सांगतो, कारण मुंबई-गोवा हायवे आपल्या दारातून जातो. मार लागला की आधी सीटी स्कॅन. आतला रक्तस्राव ईईजीत दिसत नाही. मग ईईजी कशाला? तर काही बेशुद्ध रुग्णांच्या मेंदूत फिट चालूच असते, पण हातपाय जराही हलत नाहीत. घरच्यांना वाटतं, शांत झोपलाय. ते फक्त या लहरींवरच कळतं, आणि त्यावर उपचार आहेत.

या लहरींवर नको तेवढा भरवसा ठेवला की काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलंय. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात, 'मेंदूत गुन्ह्याची आठवण सापडली' असं सांगणाऱ्या चाचणीचाही आधार घेऊन जन्मठेप दिली. जगभर त्यावर टीका झाली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निकाल दिला.

आता लग्नाचं. 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी अपस्माराची फिट ही वेडाच्या झटक्यांच्याच ओळीत, लग्नाला अडसर म्हणून लिहिलेली होती. त्या वर्षी तो शब्द काढला. तरी लोकांच्या डोक्यातून कुठे गेलाय? 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एका नवऱ्याने बायकोला फिट येतात म्हणून घटस्फोट मागितला. कोर्टाने सांगितलं, हा बरा न होणारा आजार नाही, मानसिक विकारही नाही, या कारणावर घटस्फोट मिळणार नाही. अर्थात, अट काढली म्हणजे लपवायला परवानगी मिळाली असं नाही. फसवणुकीचं कलम वेगळं आहे. आणि सासरी लपवून गोळ्या घेणारी मुलगी एक दिवस गोळी चुकवणारच. मला तरी कोर्टकचेरीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. काकांना हे पटलं की नाही, माहीत नाही. "बघतो" म्हणाले.

आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात फिटच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळतात का, की दर आठवड्याला खेप घालावी लागते? ईईजीसाठी तुम्हाला कुठे पाठवलं आणि येण्याजाण्यासकट किती खर्च आला? रुग्णाचं नाव नको, फक्त तालुका आणि खर्च लिहा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मेंदूविकार तज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात आणि ईईजीची सोय काय, हे मी लेखी विचारतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.