दमाचे भांडवल : सायखेड्याच्या गोदाकाठी

नाशिकहून निफाडकडे जाताना वाटेत चांदोरी लागते. तेथून उजवीकडे वळून गोदावरीचा पूल ओलांडला की पैलतीरी सायखेडा. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार येथे असल्याने कांद्याच्या हंगामात गावाचा दिवस ट्रॅक्टरच्या घरघरीने सुरू होतो आणि वजनकाट्यापाशी संपतो. परंतु दुकानाच्या फळ्या उघडण्यापूर्वीचा एक तास निराळा असतो. हिवाळ्यात नदीवर धुके उतरलेले असते आणि रस्ते मोकळे असतात. निफाड तालुक्याची थंडी तर प्रसिद्धच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जाणारा नीचांकी पारा दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतो. चाळिशी-पन्नाशीत धावण्याचा श्रीगणेशा करू इच्छिणाऱ्याला ही वेळ आणि हा काठ, दोन्ही अनुकूल आहेत.

व्यापारी माणसाचा दिवस बैठा असतो. गादीवर किंवा गल्ल्यावर आठ-दहा तास जातात. पाय चालतात ते घरापासून दुकानापर्यंत. मग एखाद्या तपासणीत साखर वाढलेली निघते, रक्तदाब वर गेलेला दिसतो आणि उद्यापासून धावायचेच असा निश्चय होतो. नवे बूट येतात. पहिल्या पहाटे मनुष्य जीव खाऊन पळतो आणि विजेच्या तिसऱ्या खांबापाशी धापा टाकत उभा राहतो. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखतो आणि आठव्या दिवशी बूट माळ्यावर जातात. अशा वेळी तो स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देतो. वास्तविक चूक इच्छाशक्तीची नसून हिशेबाची असते. खात्यात भरणा करण्यापूर्वीच त्याने मोठी रक्कम उचललेली असते.

दम हे हळूहळू साठणारे भांडवल आहे. नियमित आणि संथ धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि प्राणवायूचा वापर सुधारतो. हा बदल काही आठवड्यांतच जाणवतो. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना मात्र बळकट होण्यास महिने लागतात. म्हणूनच नवशिक्याला खरा धोका पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या-पाचव्या आठवड्यात असतो. तेव्हा श्वास ‘अजून पळ’ म्हणतो. परंतु नडगी आणि टाच तयार नसतात.

वेग किती असावा, याचे माप सोपे आहे. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता बोलता वाक्य तुटू लागले, तर वेग जास्त झाला असे समजावे. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी हाच मार्ग दाखविला. त्यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. पण त्यांचे तितकेच मोठे कार्य म्हणजे ऑकलंडमधील प्रौढ आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांना त्यांनी सावकाश धावण्याची गोडी लावली. अमेरिकेचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस तेथे गेले असता सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाने त्यांना सहज मागे टाकले. पन्नाशीतले बॉवरमन वरमले, शिकले आणि मायदेशी परतल्यावर सामान्य नागरिकांना ‘जॉगिंग’ची दीक्षा देऊ लागले.

सायखेड्याच्या रस्त्यावर हा क्रम असा बसविता येईल. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. प्रारंभी पाच मिनिटे नुसते चालावे. त्यानंतर एक मिनिट संथ धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशा आठ फेऱ्या कराव्यात. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे. पुढे चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे. ज्या टप्प्यावर अंग दुखेल, तेथे आणखी एक आठवडा थांबावे. अडीच-तीन महिन्यांत बहुतेकांना न थांबता अर्धा तास धावता येते. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नयेत. पुलावर वाहनांची वर्दळ सुरू होण्याआधी परतावे आणि रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली, तर लगेच थांबावे.

ज्या घरांत सूर्यास्तानंतर भोजन होत नाही, तेथे पहाटेपर्यंत पोट दहा-अकरा तास रिकामे असते. अर्ध्या तासाच्या संथ धावण्यास निरोगी माणसाला त्याची अडचण येत नाही. मात्र सायंकाळचे जेवण पुरेसे असावे आणि दिवसा पाणी भरपूर प्यावे. साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. उपवासाच्या दिवशी केवळ चालणे पुरे.

शरीराइतकाच प्रश्न मनाचा असतो. उत्साह पंधरा दिवस पुरतो. त्यापुढे सवयच उपयोगी पडते. दुकान उघडण्याची वेळ ठरलेली असते, म्हणून ते रोज उघडते. धावण्याचेही तसेच आहे. सोबती असावा, कारण पुलाच्या टोकाशी कोणी वाट पाहत असेल, तर पांघरूण सोडणे सोपे जाते. रोजकीर्दीसारखी एक लहान वही ठेवावी. तारीख, मिनिटे आणि अंग कसे होते, एवढीच नोंद पुरे. महिन्याअखेर ताळेबंद पाहिला की प्रगती डोळ्यांना दिसते. तुलना मात्र वहीतील मागील पानाशी करावी, शेजाऱ्याशी नव्हे.

नाशिक जिल्ह्याला दमाची परंपरा आहे. सावरपाड्याच्या आदिवासी वस्तीतून आलेल्या कविता राऊत नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळविले. सामान्य माणसाला पदक मिळवायचे नाही. पण अशी धाव एका दिवसात घडत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे.

कितीही काळजी घेतली तरी खंड पडतोच. लग्नसराई येते, आजारपण येते, कांद्याची आवक वाढते. येथे सायखेड्याची स्वतःची शिकवण उपयोगी पडते. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराने सायखेडा आणि चांदोरीला वेढले, पाणी बाजारपेठेत शिरले. पूर ओसरल्यावर दुकानदाराने आधी गाळ उपसला, मग माल वाळविला आणि तराजू पुन्हा मांडला. पहिल्याच दिवशी पूर्वीइतकी विक्री व्हावी, अशी अपेक्षा त्याने केली नाही.

धावण्यात खंड पडल्यावर हेच करावे. दोन आठवडे गेले असतील, तर दोन टप्पे मागे जाऊन आरंभ करावा. बुडालेल्या दिवसांची भरपाई एका पहाटे करू पाहणारा पुन्हा माळ्यावर बूट ठेवतो. मागे जाऊन सुरुवात करणारा काही दिवसांतच पूर्वीच्या जागी येतो, कारण एकदा कमावलेला दम पुन्हा मिळविण्यास पहिल्याइतका काळ लागत नाही.

पहाटेच्या धुक्यात पुलाचे दुसरे टोक दिसत नाही. पुढचे दहा पावलांचे अंतर तेवढे दिसते, आणि नवशिक्याला तेवढे पुरेसे असते.