सेनापतींची इंदुरी

तळेगावहून चाकणच्या रस्त्याला लागलं की कंपन्यांच्या ट्रकांमागून वाट काढत गाडी इंद्रायणीकाठच्या इंदुरीत येते. इथे सरसेनापती दाभाड्यांचा भुईकोट आहे. त्याचा दरवाजा अजून ताठ उभा आहे: खाली घडीव दगड, वर विटांचं काम, कमानीजवळ गणपती आणि शरभाची शिल्पं. आत कडजाई मातेचं देऊळ. तट जागोजाग ढासळलेला, आणि पावसाळ्यात मावळातलं गवत उरलेल्या चिऱ्यांवरही चढतं.

खंडेराव दाभाड्यांना शाहू छत्रपतींनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिलं. तळेगाव-इंदुरीचा मुलूख या घराण्याचा, आणि गुजरातेत चौथाईच्या मोहिमाही त्यांच्याच.

योगायोग असा, की त्याच सुमारास इंग्लंडात आणखी एका सेनापतीचं घर उठत होतं. १७०४ मध्ये ब्लेनहाइमची लढाई मारल्याबद्दल राणी ॲननं मार्लबरोच्या ड्यूकला ऑक्सफर्डजवळची वुडस्टॉकची जहागीर दिली आणि वाडा सरकारी खर्चानं बांधायला घेतला. पुढे मर्जी फिरली, ड्यूकचं सेनापतिपद गेलं, पैसा आटला, काम थांबलं. स्थपती व्हॅनब्रूशी भांडभांड भांडून अखेर ते पुरं करून घेतलं ते ड्यूकच्या बायकोनं, सारानं. ड्यूक १७२२ मध्ये वारला. मुलगे आधीच गेले होते. तरी जहागीर हलली नाही, कारण पार्लमेंटच्या कायद्यानं ती मुलीकडे जाण्याची सोय होती.

तळेगावालाही अशीच एक खमकी बाई होती, खंडेरावांच्या पत्नी उमाबाई. खंडेराव १७२९ मध्ये गेले. दोन वर्षांनी डभईच्या रणात थोरला मुलगा त्रिंबकराव बाजीराव पेशव्यांशी लढताना पडला. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला मिळालं, कारभार मात्र उमाबाईंच्या हाती राहिला. वणीच्या सप्तशृंगगडाच्या पायऱ्या बांधवणाऱ्या या बाईंनी पुढे अहमदाबादेवर स्वारीही केली.

पण त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता, होते शाहूमहाराज. ते १७४९ च्या डिसेंबरात गेले आणि नानासाहेब पेशव्यांनी निम्मा गुजरात मागितला. पुढच्या वर्षी उमाबाई आळंदीला नानासाहेबांना भेटल्या, गाऱ्हाणं मांडलं. उपयोग झाला नाही. मग त्या पेशव्यांविरुद्ध उठलेल्या महाराणी ताराबाईंच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि दाभाड्यांचे सरदार दमाजी गायकवाड फौजेनिशी गुजरातेतून आले. १७५१ मध्ये तो डाव फसला. दमाजी आणि दाभाडे, दोघेही कैदेत पडले. १७५३ मध्ये उमाबाई पुण्यात वारल्या.

मार्लबरोचे ड्यूकही पुढे कर्जात बुडाले. पण हुंड्यासाठी मिरवायला त्यांच्यापाशी वाडा आणि किताब शाबूत होता. १८९५ मध्ये नवव्या ड्यूकनं अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट घराण्याच्या मुलीशी लग्न केलं आणि रेल्वेच्या पैशातून छपरं-भिंती दुरुस्त झाल्या. वुडस्टॉकचा खंड म्हणून आजही दर ऑगस्टात राजाला एक निशाण पोचतं.

दाभाड्यांच्या गुजरातेचा हिशेब वेगळा मिटला. दमाजींनी १७५२ मध्ये पेशव्यांशी तह केला, निम्मा मुलूख देऊन टाकला आणि जुन्या धन्याची बाजू सोडली. दाभाड्यांच्या वाट्याला गायकवाडांकडून येणारी वार्षिक नेमणूक तेवढी राहिली. उरलेल्या निम्म्यातून गायकवाडांचं बडोदं उभं राहिलं. सयाजीराव महाराजांचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. इंग्लंडातल्या कुठल्याही ड्यूकनं हेवा करावा असा तो वाडा, सेनापतींच्या एका सरदाराच्या वंशजांचा.