पाचवा फाऊल

बास्केटबॉल हा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मातीतला खेळ नव्हे. येथील मुलाचा पिंड कुस्ती-कबड्डीचा. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत, हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून तो काढिला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जास ठोकल्या व तेरा नियम लिहिले. त्यांत धरणे, ढकलणे, पाडणे यांस मनाई होती. दुसऱ्यांदा अपराध करणाऱ्याने पुढील गोल होईपर्यंत बाहेर बसावे, असा दंड होता. आज पाच फाऊल भरले की खेळाडू त्या सामन्यापुरता बाद होतो. आणि ते मोजण्याचे काम गुणलेखकाकडे असते.

गेल्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यास असाच गुणलेखक म्हणून मी बसलो होतो. एका संघात माझा जुना विद्यार्थी होता. डिंभे धरणाच्या वरच्या अंगास राहणारा, सडपातळ, मितभाषी मुलगा. शेवटची दोन मिनिटे उरली होती व त्याचा संघ एका गुणाने पुढे होता. इतक्यात शिटी वाजली. फाऊल त्याचाच होता. मी त्याच्या नावापुढे खूण केली, चार झाल्या.

तोच माझ्या मनात चर्र झाले. पूर्वार्धातील एक फाऊल मी शेजारच्या क्रमांकावर तर मांडला नव्हता ना? शंका खरी होती, हे मला आतून कळले. पंचांस हाक मारणे माझे कर्तव्य होते. परंतु लेखणी थबकली आणि जिभेस कुलूप पडले. "खात्री कोठे आहे?" असे मी मनाशी म्हणालो. मोह नेहमी असाच सभ्य भाषेत बोलतो.

तेवढ्यात तो मुलगा हात वर करून टेबलापाशी आला. "सर, माझे पाच झाले. वहीत चार असतील, तर एक राहिला आहे."

पंचांनी एकमेकांस विचारून नोंद दुरुस्त केली. तो बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी आलेला मुलगा नवखा होता; सामना दोन गुणांनी गेला. त्याचे सोबती त्याच्याशी बोलेनात.

संध्याकाळी बसथांब्यावर मी त्यास गाठले. "बाळ, चूक माझी होती. इतकेच नव्हे, मला शंका आली होती आणि मी गप्प राहिलो." हे सांगताना वीस वर्षांची शिक्षकी जड वाटली.

तो क्षणभर खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, पुढच्या वर्षीही आपणच लिहावयास बसा."

विद्यार्थिमित्रांनो, ढाल कोणी नेली ते लोक विसरतील. थोडक्यात विश्वासू राहण्याविषयी प्रभूने जे सांगितले, ते मी वर्गात कितीदा तरी शिकविले आहे. त्या दिवशी मात्र ते मला शिकावे लागले, आणि शिकविणारा माझाच विद्यार्थी होता.