कोठीची किल्ली

रविवारची डहाणू लोकल विरार सोडून वैतरणेच्या पुलावर आली, की मुंबईकराला आपण खरोखरच गाव सोडून निघालो असे वाटू लागते. खिडकीतून खाडीचे पाणी, भाताची खाचरे आणि मधूनच ताडाची रांग दिसते. या गाड्या २०१३ सालापासून डहाणूपर्यंत धावू लागल्या. पालघरला उतरणारा पाहुणा बहुधा केळव्याच्या समुद्रावर जायला नाहीतर सातपाटीचा पापलेट घ्यायला आलेला असतो. आम्ही मात्र मुलांची बिऱ्हाडे पाहायला गेलो होतो.

ठाण्यातून वेगळा निघून पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराकडच्या तालुक्यांतली वारली, कोकणा, कातकरी मुले पुढच्या शिक्षणासाठी खाली उतरतात, ती पुष्कळदा या पालघर-बोईसरच्या पट्ट्यात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६ साली ‘स्वयम्’ योजना निघाली. जेवणाखाण्याची व राहण्याची रक्कम हप्त्याहप्त्याने विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हायची, खोली त्याने शोधायची आणि चूलही त्यानेच मांडायची!

स्टेशनावरून गावात शिरले की पाचबत्तीचा चौक लागतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र तिवारी, रामचंद्र चुरी व सुकुर मोरे हे पाच जण धारातीर्थी पडले. चौकातले पाच दिवे त्यांचे. तिथून थोड्याच अंतरावर, एका चाळवजा घराच्या मागच्या खोलीत, स्वराज्याचा एक अगदी लहानसा कारभार आम्हाला पाहायला मिळाला.

खोलीत सहा मुले, एक शेगडी, दोन पातेली आणि एक पत्र्याची पेटी. तांदूळ, डाळ, तेल, मसाला सारे पेटीत, म्हणून तिचे नाव कोठी. जिच्याकडे पेटीची किल्ली तिच्याकडे सत्ता, हे आपल्या घरातल्या आजीबाईंनाही ठाऊक होतेच. इथे ती किल्ली दर महिन्याला मत घेऊन दिली जाते. तोच मुलगा लागोपाठ दोनदा निवडायचा नाही, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला.

“असा नियम का रे?” आम्ही विचारले.

“मागे एकाकडे चार महिने किल्ली होती, काका. तेलाचा हिशेब पातळ झाला,” एक जण म्हणाला, आणि बाकीचे एकाकडे बघून हसले. तोही हसला.

पण खरी कसोटी लागली ती निराळ्याच वेळी. एकाच्या वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले आणि त्याने हप्त्याचे सगळे पैसे घरी पाठवून दिले. आता कोठीत त्याची वर्गणी नाही. नियम तर असा, की वर्गणी नाही त्याचे ताट पंधरा दिवसांनी बंद. मध्यरात्रीपर्यंत सभा चालली. कोणी सुचवले, त्याने महिनाभर सगळ्यांचा स्वयंपाक करावा, भांडी घासावीत, म्हणजे फिटले. सर्वांना पटत आले होते. तेवढ्यात सर्वांत धाकटा, मोखाड्याकडचा, बोलला, “मग तो आपला गडी होईल. उद्यापासून आपण त्याला हाक कशी मारू?” ठराव बारगळला. त्याची वर्गणी पाचांच्या नावावर सारखी वाटून लिहिली गेली आणि त्याची स्वयंपाकाची पाळी पूर्वीइतकीच राहिली, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. वहीतले ते पान आम्ही पाहिले. एवढा बारीक विचार मोठ्या सभागृहांतही रोज होत असेल असे वाटत नाही.

हे पाहताना साताऱ्याची आठवण होणे अपरिहार्य होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली, पण ती बहुतेक एकेका समाजाची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास बोर्डिंग काढले ते सर्व जातींच्या मुलांचे मिळून, एका चुलीचे. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुले पाणी भरीत, लाकडे आणीत, रांधीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. पाणी सर्वांनीच भरायचे, म्हणजे कोणी कोणाचा गडी नाही, ही त्यातली बाजू मात्र आपण सहसा सांगत नाही.

महाविद्यालयांतल्या निवडणुकांचे म्हणाल, तर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष मतदान बंद करून गुणवंतांच्या नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने मतदानाची तरतूद परत केली. त्या मधल्या बावीस वर्षांत कित्येक मुलांना मत देण्याची सवय लागली असेल, तर ती जेवणाच्या खोलीतच.

म्हणूनच एप्रिल २०१८ मधल्या निर्णयाने मुले बिथरली त्याचे आम्हाला नवल वाटत नाही. शासकीय आदिवासी वसतिगृहांतली भोजनगृहे बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचे तेव्हा ठरले. त्या जुलैत मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडवले. हातात पैसे मिळतात तरी तक्रार कसली, असे शहरात पुष्कळांनी विचारले. (आपल्या घरातल्या अठरा वर्षांच्या चिरंजीवांना साधा चहा तरी करता येतो का, हे विचारणाऱ्यांनी आधी पाहावे!) ठेकेदाराच्या आमटीचे गुणगान आम्हीही करणार नाही. परंतु आमटी पातळ झाली तर पन्नास जण मिळून गृहपालांकडे जातात. खात्यातला हप्ता लांबला तर प्रत्येक जण बँकेच्या दारात एकटा उभा असतो. त्या पाचबत्तीजवळच्या सहा जणांनी पैशाची पुन्हा कोठी केली, म्हणून त्यांचे निभावले. साऱ्यांनाच ते साधेल असे नाही.

दुपारची गाडी धरून, उमरोळी मागे टाकून, बोईसरला आलो. इथल्या औद्योगिक वसाहतीचे नाव तारापूरचे आणि स्टेशन बोईसरचे. खुद्द तारापूर पश्चिमेला समुद्राकाठी, १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला सांभाळीत बसले आहे, आणि जवळच १९६९ पासून देशातले पहिले अणुवीज केंद्र. बोईसरच्या एका चाळीत, कारखान्यात उमेदवारी करीत शिकणारी चार मुले राहतात. पाळ्या वेगळ्या, त्यामुळे चौघे एका वेळी खोलीत कधी नसतातच. सभा घ्यायची कशी आणि मत मोजायचे कसे? त्यांनी दारामागे एक पाटी टांगली आहे. ज्याला जे मांडायचे ते तो लिहितो, बाकीचे येता-जाता खाली आपली खूण करतात. तीन खुणा झाल्या की ठराव पास.

आम्ही गेलो त्या दिवशी पाटीवर लिहिले होते : ‘दिवाळीला सगळे घरी जाणार. उरलेली डाळ शेजारच्या मावशींना द्यावी का?’ खाली दोन खुणा होत्या. तिसरा रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याला कोणी उठवले नाही.