गुळाच्या पेठेतून आबालाल रहिमान यांना

भुसार बाजार, मार्केट यार्ड, पुणे

आदरणीय आबालाल रहिमान यांस,


मी मूळचा कोल्हापूरचा, इथे गुळाची आडत चालवतो. तुमचा-माझा अन्नदाता एकच. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, आमच्या गुळाला हक्काची पेठ मिळाली. त्याच महाराजांनी तुम्हाला दरबारी चित्रकार म्हणून पदरी ठेवलं.

तुमचं नाव काढलं की कोल्हापुरात एकच गोष्ट ऐकायला मिळते. मे १९२२ मध्ये महाराज गेले आणि तुम्ही हजारो चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिलीत. चित्रांचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. मला या गोष्टीचा आता राग येतो. बुडालेल्या चित्रांवर लोक तासभर बोलतात. टाउन हॉलच्या संग्रहालयात तुमची चित्रं आहेत, त्यांच्यापुढे पाच मिनिटं थांबत नाहीत.

रंग पारखणं हा माझा धंदा. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडला की आतला पिवळा बघून भाव बोलायचा. हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी पावडर, मारलेला गूळ आज पिवळाधमक दिसतो, काही दिवसांत काळवंडतो. त्या सवयीच्या नजरेनं तुमच्या निसर्गचित्राला अगदी नाक लावून पाहिलं. नुसते बारीक बारीक फटकारे, एकाशेजारी एक. दोन पावलं मागं सरलो, तर पाणी निराळं, दगड निराळा. त्यात दिखाऊ रंग कुठंच नाही.

तुमच्या घरात कुराणाच्या प्रती हातानं लिहिण्याची परंपरा होती. हाताला ती शिस्त तिथूनच आली असणार, असं मला वाटतं. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रिफिथ्स साहेबांच्या काळात शिकून, व्हाइसरॉयचं पदक मिळवून तुम्ही कोल्हापूरला परत आलात. मुंबईत शेठ-सावकारांची व्यक्तिचित्रं करत बसला असतात, तर पैसा मिळाला असता. पण रंकाळा तळ्यातला संध्यामठ कुणी रंगवला असता? बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी या चित्रकारांच्या पिढीनं तुम्हाला मान दिला, तो कोल्हापुरात राहून केलेल्या कामासाठी. १९३१ मध्ये तुम्ही गेलात ते कोल्हापूरकर म्हणूनच.

हंगामात सौद्यांसाठी पेढीवरची पोरं कोल्हापूरला पाठवतो. यंदा त्यांना सांगितलंय: सौदा उरकला की टाउन हॉलला जायचं, आबालाल बघायचे आणि काय दिसलं ते मला येऊन सांगायचं.

आपला नम्र,
एक गूळ आडत्या